बास मासेमारी स्पर्धेतील वारा

उत्तर अमेरिकेत गोड्या पाण्यातला बास मासा गळाने धरण्याच्या मोठ्या स्पर्धा होतात. त्यांत वाऱ्याचा जोर आणि रोख पाहून जागा, बोटीची चाल, आमिष आणि परतीची वेळ बदलत नेण्याच्या कौशल्याची ही नोंद आहे. हौशी माणूस वारा सुटला की बोट काठाला लावतो आणि घरी जातो. स्पर्धकाला ती मोकळीक नसते. तारखा महिनोन्‌महिने आधी ठरलेल्या असतात आणि सकाळी सुटल्यापासून वजनकाट्याच्या वेळेपर्यंतचे जेमतेम आठ तासच त्याच्या हातात असतात. त्यामुळे शांत पाण्यावर सारखेच वाटणारे दोन स्पर्धक वाऱ्याच्या दिवशी वेगळे ओळखू येतात.

येथे बास म्हणजे सनफिश कुळातले दोन मासे, लार्जमाउथ आणि स्मॉलमाउथ. रायगडच्या खाड्यांतला जिताडा इंग्रजीत सी बास म्हणून ओळखला जातो, पण त्याचे या माशांशी जवळचे नाते नाही. लार्जमाउथ उथळ, गवताळ, कोमट पाण्यात आडोसा धरून राहतो. स्मॉलमाउथला स्वच्छ, थंड पाणी आणि खडकाळ तळ लागतो. म्हणून स्मॉलमाउथसाठी उघड्या, मोठ्या सरोवरात जावे लागते आणि वाऱ्याचा पहिला फटका त्याच्या मागे गेलेल्यांना बसतो. कोकणात गळाने मासे धरण्याला गरवणे म्हणतात आणि गळाच्या नायलॉनच्या दोरीला तंगूस. तंगूस हा शब्द पुढेही वापरला आहे, कारण वाऱ्याची निम्मी भानगड या तंगुसातच होते.

स्पर्धेची चौकट

रे स्कॉट या विमा एजंटाने जून १९६७ मध्ये आर्कान्सामधील बीव्हर लेकवर १०६ स्पर्धकांची स्पर्धा भरवली आणि पुढच्या वर्षी बास अँगलर्स स्पोर्ट्समन सोसायटी स्थापन केली. ही संस्था बी.ए.एस.एस. या नावाने ओळखली जाते. तिची पहिली बासमास्टर क्लासिक ही अजिंक्यपद स्पर्धा १९७१ मध्ये नेव्हाडातील लेक मीडवर झाली. आजही बहुतेक स्पर्धांत दिवसाचे सर्वांत जड पाच मासे मोजले जातात. ते बोटीतल्या पाण्याच्या टाकीत, म्हणजे लाइव्हवेलमध्ये, जिवंत ठेवून काट्यावर आणायचे असतात. उशीर झाला तर बी.ए.एस.एस.च्या नियमाप्रमाणे दर मिनिटाला एक पौंड, म्हणजे सुमारे ४५४ ग्रॅम वजन कापले जाते आणि पंधरा मिनिटांपेक्षा जास्त उशीर झाला तर दिवसाची सगळी मासळी बाद होते. जिथे हार-जीत कित्येकदा काही औंसांवर ठरते, तिथे एक मिनिटही फार महाग पडते. वाऱ्याबद्दलचा प्रत्येक निर्णय शेवटी या नियमापाशी येऊन अडतो.

वारा पाण्यात काय करतो

वारा पाण्याचा वरचा थर आपल्याबरोबर ओढतो. या थराचा वेग वाऱ्याच्या वेगाच्या दोन-तीन टक्के असतो. म्हणजे ताशी ३० किलोमीटरच्या वाऱ्यात पाणी ताशी अर्धा ते एक किलोमीटर सरकते. हे थोडे वाटेल, पण पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव त्याबरोबर वाहत जातात, त्यांच्यामागे शॅडसारखे लहान मासे जातात आणि लहान माशांमागे बास. वारा येऊन ज्या काठावर आदळतो तो काठ त्यामुळे भरतो. याला वेळ मात्र लागतो. एक-दोन दिवस एकाच दिशेने वाहिलेला वारा कामाचा असतो, तासाभरापूर्वी फिरलेला वारा तितकासा नसतो. सरावाच्या दिवसांत दक्षिणेचा वारा होता आणि स्पर्धेच्या पहाटे तो वायव्येला फिरला, तर सापडलेल्या चांगल्या जागा जुन्या वाऱ्याच्या असतात. हे ओळखून त्या सोडून देणे अनुभवी माणसालाही जड जाते.

लाटांनी पाण्याचा पृष्ठभाग मोडला की खाली जाणारा उजेडही मोडतो. माशाला वरची बोट नीट दिसत नाही, आमिषही पुसट दिसते, आणि तो उथळ पाण्यात निर्धास्त येतो. लख्ख, शांत दिवशी ज्या आमिषाला तो तोंड लावत नाही, त्याच्यावर लाटा असताना तुटून पडतो.

एखादे खडकाळ टोक डोळ्यांसमोर आणा. नैर्ऋत्येचा वारा त्याच्यावर आदळतो आहे. पाणी टोकाच्या माथ्यावरून चढून पलीकडे उतरते आहे आणि बाजूने वळसा घालून जाणाऱ्या पाण्याला मिळते आहे. दोन्ही पाणी जिथे मिळते तिथे फेसाची एक बारीक रेघ उमटलेली असते. तिच्या थोडे अलीकडे, गुडघाभर ते कमरेइतक्या पाण्यात, खडकाच्या मागे बास प्रवाहाकडे तोंड करून थांबलेला असतो. भक्ष्य वाहत त्याच्याकडे येते, त्याला फक्त तोंड उघडायचे असते. आमिष टोकाच्या वरच्या अंगाला टाकून प्रवाहाबरोबर खाली आणले तर ते त्याला भक्ष्यासारखे दिसते. उलट्या बाजूने, प्रवाहाविरुद्ध ओढले तर तेच आमिष कित्येकदा रिकामे येते. याच टोकाच्या आडोशाच्या बाजूला पाणी आरशासारखे असते. तिथे उभे राहायला सोपे, म्हणून नवशिके तिथेच उभे राहतात.

तरीही, वारा असेल तिथेच जा हा सल्ला अर्धाच खरा आहे. तळ कसला आहे यावर सगळे अवलंबून असते. फ्लोरिडातील ओकीचोबी सरोवर सुमारे १,९०० चौरस किलोमीटर पसरलेले, पण सरासरी खोली जेमतेम २.७ मीटर. तळाशी मऊ गाळ. तिथे जोराचा वारा सुटला की उघडे पाणी चहासारखे गढूळ होते आणि लार्जमाउथ काठाच्या लव्हाळ्यात, जिथे झाडोऱ्याने गाळ अडवून पाणी निवळ ठेवले आहे, तिथे सरकतो. ओकीचोबीवर वाऱ्याच्या दिवशी मासा शोधणे म्हणजे आधी निवळ पाणी शोधणे. एवढ्या उथळ पाण्यावर वारा काय करू शकतो हे १९२८ च्या चक्रीवादळात दिसले. सरोवराचे पाणी बांधावरून दक्षिणेच्या वस्त्यांत लोटले गेले आणि अडीच हजारांच्या आसपास माणसे बुडाली. आज सरोवराभोवती असलेला हर्बर्ट हूवर बंधारा त्या आपत्तीनंतर उभा राहिला.

वसंतात आणखी एक गोष्ट घडते. उन्हाने तापलेला वरचा थर वाऱ्याने एका काठाला गोळा होतो आणि समोरच्या काठाला खालचे गार पाणी वर येते. अंडी घालण्याच्या दिवसांत एखाद-दोन अंशांच्या फरकानेही मासा कुठल्या काठाला आहे हे ठरू शकते.

बोट धरून ठेवणे

वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की बोटीवरचा त्याचा दाब चौपट होतो. बास बोट साधारण सहा मीटर लांब, चपटी आणि हलकी असते. पुढच्या टोकाला विजेवर चालणारी छोटी ट्रोलिंग मोटर असते आणि दिवसभर बोट तिच्यावरच सांभाळायची असते. जुना आणि आजही पक्का नियम असा की नाळ, म्हणजे बोटीचे पुढचे टोक, वाऱ्याकडे ठेवायची आणि वाऱ्याच्या खालच्या अंगाने जागेकडे हळूहळू वर चढायचे. वरून खाली आले तर बोट थांबत नाही, मासे असलेल्या जागेवरूनच वाहत जाते आणि जागा बिघडते.

२०१० च्या आसपास उपग्रहाच्या मदतीने बोट एका जागी रोखून धरणारी ट्रोलिंग मोटर बाजारात आली. मिन कोटा कंपनीने तिला स्पॉट-लॉक म्हटले आणि पुढे हाच शब्द सगळ्यांच्या तोंडी रुळला. खोल पाण्यातल्या खडकावर लाटांत उभे राहून खाली आमिष सोडणे तेव्हापासून खूपच सोपे झाले. उथळ पाण्यात दोन-अडीच मीटरचे खांब तळात रोवून बोट उभी करतात. मोठ्या सरोवरांवर मात्र नाळ लाटेबरोबर वर उचलली गेली की मोटरीचा पंखा हवेत फिरतो. म्हणून तिथे ५२ ऐवजी ६० इंची किंवा त्याहूनही लांब दांड्याची मोटर लावतात. ३६ व्होल्टच्या बॅटऱ्याही अशा दिवशी दुपारपर्यंत दमतात. ज्याने सकाळी मोटर सतत पूर्ण जोराने चालवली, त्याच्याकडे दुपारच्या चांगल्या तासांत बोट धरायला काही उरत नाही.

जिथे मासे मोठ्या सपाटीवर विखुरलेले असतात, तिथे बोट रोखण्यापेक्षा वाहू देणे बरे. बोटीच्या बाजूला कापडी ड्रिफ्ट सॉक सोडतात. तो पाण्यात छत्रीसारखा फुगतो आणि वाहण्याचा वेग कमी करतो. मिशिगनच्या सीमेवरील लेक सेंट क्लेअरची सरासरी खोली सुमारे साडेतीन मीटर. तिथे स्मॉलमाउथसाठी ही पद्धत पुष्कळ चालते.

तंगूस आणि आमिष

वाऱ्यात पहिली गोष्ट हातातून जाते ती स्पर्श. तंगूस वाऱ्याने पोट धरते, माशाने आमिष तोंडात घेतल्याची टिचकी त्या पोटातच विरून जाते आणि कळेपर्यंत माशाने आमिष थुंकलेले असते. उपाय साधे आहेत, पण सगळे एकदम करावे लागतात. वाऱ्याला आडवे न फेकता शक्यतो सरळ वाऱ्याबरोबर किंवा वाऱ्याविरुद्ध फेकायचे. आमिष पाण्यात पडताच काठीचे टोक पाण्याला टेकेल इतके खाली न्यायचे. पाव औंसाचे वजन काढून अर्ध्या औंसाचे लावायचे. वेणीची दोरी हलकी असल्यामुळे पाण्यावर तरंगते आणि वारा तिला उडवतो. फ्लुओरोकार्बनची तंगूस बुडते, म्हणून ती निदान पुढच्या भागाला जोडतात. वाऱ्याविरुद्ध फेकताना आडव्या रीळाचा ब्रेक थोडा घट्ट करावा लागतो, नाहीतर आमिष हवेत मंदावते, रीळ मात्र फिरतच राहते आणि तंगुसाचे घरटे होते. ते सोडवण्यात दहा मिनिटे सहज जातात.

आमिषांत वाऱ्याचे ठरलेले नाव स्पिनरबेट. तारेच्या दोन बाहूंपैकी एकावर फिरणारी पाती, दुसऱ्यावर गळ आणि झालर. लाटांखालच्या अंधूक उजेडात पात्यांची चमक आणि थरथर मासा लांबूनही टिपतो, आणि वेगाने ओढायचे असल्यामुळे तंगुसाला पोट धरायला वेळ मिळत नाही. खडकाळ काठाला क्रँकबेट, म्हणजे ओढताच पाण्याखाली जाणारे माशाच्या आकाराचे कडक आमिष, याच कारणाने चालते. २०१८ मध्ये गार्मिन कंपनीच्या लाइव्हस्कोपने पुढचे पाहणाऱ्या सोनारचे, म्हणजे ध्वनिलहरींनी पाण्याखालचे दाखवणाऱ्या यंत्राचे, चित्र खूप स्पष्ट केले आणि पडद्यावर एकेक मासा बघून आमिष टाकण्याची रीत आली. लाटांत नाळ वरखाली होते आणि पडद्यावरचे चित्रही हेलकावते. अशा दिवशी काठ वाचता येणारा जुन्या पद्धतीचा मासेमार पुन्हा पुढे येतो, आणि हे पाहणे फार आनंदाचे असते.

परतीचे गणित

वाऱ्याशी जुळवून घेण्यातला सर्वांत कठीण निर्णय सकाळी, पाणी शांत असतानाच घ्यावा लागतो. न्यूयॉर्क आणि व्हर्माँटच्या मधले लेक शँप्लेन हे याचे उत्तम उदाहरण. सरोवर उत्तर-दक्षिण सुमारे १९० किलोमीटर लांब आणि फार अरुंद. अनेक मोठ्या स्पर्धा उत्तरेकडच्या प्लॅट्सबर्गहून सुटतात. जड लार्जमाउथ दक्षिणेला टिकंडरोगाच्या गवतात, सुमारे १०० किलोमीटरवर. स्मॉलमाउथ उत्तरेतही भरपूर मिळतात. लाटेची उंची वाऱ्याचा वेग, तो किती वेळ वाहिला आणि मोकळ्या पाण्यावरून किती लांब आला या तिन्हींवर ठरते. शँप्लेनवर दक्षिणेचा किंवा उत्तरेचा वारा सुटला की त्याला सरोवराची सगळी लांबी मोकळी मिळते.

सपाट पाण्यावर ताशी १०० किलोमीटरने टिकंडरोगापर्यंतचे अंतर तासाभरात कापता येते. दुपारी मीटर-सव्वा मीटरच्या लाटांत तोच वेग ताशी २० वर आला, तर मधल्या रुंद भागातले शेवटचे २५ किलोमीटरच पंधरा मिनिटांऐवजी सव्वा तास घेतात. म्हणून दक्षिणेला जाणारा स्पर्धक सकाळी जाण्याआधीच तिथे मासे धरायला किती मिनिटे उरतील हे काढतो, आणि ती कमी पडत असतील तर जात नाही. समोरून लाट असेल तर नाळ खाली दाबून, लाटेवर चढताना थोडी गती देऊन आणि माथ्यावर ती सोडून जायचे. मागून लाट येत असेल तर नाळ उचलून धरायची, नाहीतर ती पुढच्या लाटेच्या पाठीत घुसते आणि बोट क्षणात पाण्याने भरते. मागची लाट दिसायला सोपी, पण अनेकांना ती जास्त धोक्याची वाटते ती यासाठी.

लेक ईरी याहून वेगळे आहे. नैर्ऋत्य-ईशान्य पसरलेले, सुमारे ३९० किलोमीटर लांब आणि पाच महासरोवरांत सर्वांत उथळ. तेथील नेहमीचा वारा नेमका या लांबीच्या रोखाने वाहतो. मोठ्या वादळात पश्चिम टोकाच्या टोलेडोकडचे पाणी उतरून पूर्व टोकाच्या बफेलोकडे चढते आणि दोन टोकांच्या पातळीत दोन मीटरहून अधिक फरक पडतो. उथळ पाण्यातल्या लाटा आखूड आणि उभ्या असतात. एकीतून सावरेपर्यंत दुसरी येते. महासरोवरांवर अमेरिकेची राष्ट्रीय हवामान सेवा २२ ते ३३ नॉटच्या (ताशी सुमारे ४० ते ६० किलोमीटर) वाऱ्यासाठी किंवा चार फुटांवरच्या लाटांसाठी लहान बोटींना इशारा देते. आयोजक सुटण्याची वेळ पुढे ढकलू शकतात, ठरावीक पाणी बंद करू शकतात किंवा दिवसच रद्द करू शकतात. हे अधिकार त्यांनी मोकळेपणाने वापरावेत, कारण बक्षिसाच्या ओढीने निघालेला स्पर्धक स्वतःहून मागे फिरेल असे धरून चालता येत नाही. बोटीत बहुतेक वेळा दुसरा माणूसही असतो, निरीक्षक किंवा सहस्पर्धक, आणि कुठे जायचे हे त्याने ठरवलेले नसते.

मोठे इंजिन चालू असताना जीवरक्षक जाकीट घालणे स्पर्धांत सक्तीचे आहे. चालक बोटीबाहेर फेकला गेला तर इंजिन बंद करणारी दोरी अंगाला जोडणे १ एप्रिल २०२१ पासून अमेरिकी संघराज्याच्या कायद्यानेही, २६ फुटांखालच्या बोटींवर, बंधनकारक झाले.

मासे जिवंत परत नेणे

१९७२ पासून रे स्कॉटने मासे मारू नका, सोडून द्या असा आग्रह धरला आणि तो या खेळाचा पाया ठरला. लाटांच्या दिवशी तो पाळणे अवघड असते. अर्धवट भरलेल्या टाकीत पाणी आदळत राहते आणि पाचही मासे भिंतींवर आपटत येतात. म्हणून टाकी काठोकाठ भरतात, पंप पूर्ण वेळ चालू ठेवतात आणि आडोशाला दोन-तीनदा थांबून झाकण उघडून पाहतात. उलटा पडू लागलेला मासा दिसला तर उरलेला वेग त्याच्या हिशेबाने ठरतो. मेलेल्या माशामागे वजन कापले जाते. वजन झाल्यावर मासे पाण्याच्या पिशव्यांतून टाक्यांत नेतात आणि मोठ्या स्पर्धांत सोडण्यासाठीच ठेवलेल्या बोटीतून, धक्क्यापासून दूर, पाण्यात वेगवेगळ्या जागी सोडून देतात.