धूर कुणाच्या वाट्याला येतो? धूम्रपानबंदी कायद्यांची पार्श्वभूमी

ऑटोमन सुलतान चौथा मुराद याने १६३३ मध्ये तंबाखू ओढणाऱ्याला थेट देहदंड ठेवला होता. कारण काय, तर आगीची भीती आणि कॉफीगृहांत जमणाऱ्यांबद्दलचा संशय. आरोग्याचा विचार कायद्यात यायला पुढे तीन शतकं जावी लागली.

१९६४ मध्ये अमेरिकेचे सर्जन जनरल, म्हणजे सरकारचे प्रमुख आरोग्य अधिकारी, ल्यूथर टेरी यांच्या अहवालाने सिगारेट आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध सरकारी शिक्क्यानिशी मांडला. तरीही सूर असाच होता, की जो ओढतो त्याचं तो बघेल. १९७५ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याने सार्वजनिक जागांतल्या धूम्रपानावर कायदा केला, पण त्यात ओढणाऱ्यांसाठी वेगळी जागा राखून ठेवली. हवा एकच असताना वेगळ्या टेबलांनी काय साधणार?

ओढणाऱ्याचं तो बघेल या समजाला पहिला मोठा धक्का जपानमधून बसला. ताकेशी हिरायामा यांनी स्वतः कधीच सिगारेट न ओढलेल्या ९१,५४० विवाहित स्त्रियांची चौदा वर्षांची माहिती तपासून १९८१ मध्ये दाखवून दिलं, की नवरा जितका जास्त ओढणारा, तितका बायकोला फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका जास्त. तंबाखू उद्योगाने या अभ्यासावर तुटून पडायचं बाकी ठेवलं नाही. पण १९८६ च्या सर्जन जनरल अहवालानेही तेच म्हटलं: एकाच हवेत नुसतं वेगळं बसवून धोका टळत नाही.

माझ्या मते खरी कलाटणी मिळाली ती नोकरदारांमुळे. गिऱ्हाईक उठून जाऊ शकतं, जेवण वाढणारी बाई कुठे जाणार? कॅनडातल्या हेदर क्रो यांनी आयुष्यात सिगारेट ओढली नाही, पण धुराने भरलेल्या रेस्टॉरंटांत सुमारे चाळीस वर्षं वेट्रेसचं काम केलं. २००२ मध्ये फुप्फुसाचा कर्करोग निघाला. त्यानंतर २००६ मध्ये जाईपर्यंत त्या कामाच्या जागा धूरमुक्त व्हाव्यात म्हणून बोलत राहिल्या.

आयर्लंडने २९ मार्च २००४ रोजी पबसकट सगळ्या बंदिस्त कामाच्या जागांवर बंदी आणली, तीही कामगारांच्या आरोग्याच्याच मुद्द्यावर. पब बंद पडतील अशी ओरड झाली, पण सरकार हटलं नाही. नॉर्वे आणि न्यूझीलंड त्याच वर्षी मागोमाग आले, इंग्लंड २००७ मध्ये.

जागतिक आरोग्य संघटनेचा तंबाखू नियंत्रण करार २००५ मध्ये लागू झाला. त्याच्या आठव्या कलमाविषयीची २००७ ची मार्गदर्शक तत्त्वं स्पष्ट आहेत: पंखे, गाळण्या, वेगळ्या खोल्या यांनी संरक्षण मिळत नाही, आतली जागा पूर्ण धूरमुक्तच हवी. तरीही भारताच्या २००३ च्या कायद्यासह अनेक देशांच्या कायद्यांत मोठी हॉटेलं आणि विमानतळांवरच्या धूम्रपान कक्षांची सवलत शिल्लक राहिली. ती काढून टाकायला हवी.