फुलकारी

फुलकारी : पंजाबातील बायकांनी मुख्यतः घरच्या वापरासाठी जोपासलेला भरतकामाचा प्रकार. हातसुताच्या जाड खद्दरावर, पीळ न दिलेल्या रेशमी दोऱ्याने, कापडाच्या उलट बाजूकडून सूत मोजत भरणे, ही त्याची मुख्य ओळख. ‘कारी’ म्हणजे काम. तेव्हा फुलकारी म्हणजे फुलांचे काम. या कामाने भरलेल्या ओढणीलाही फुलकारीच म्हणतात. आज भारत आणि पाकिस्तान यांत विभागलेला सगळा पंजाब, वायव्येचा हजारा भाग आणि इकडे हरियाणा असा तिचा जुना प्रदेश आहे.

नावात फूल असले, तरी जुन्या फुलकारीत पाकळ्या शोधायला गेलेल्याची निराशाच होते. दिसतात त्या शंकरपाळ्यांच्या आकाराच्या चौकटी, त्रिकोण आणि नागमोडी पट्टे. याचे कारण कामाच्या रीतीतच आहे. कापडावर आधी काही रेखाटलेले नसते. खद्दराची वीण जाडसर, त्यामुळे सुते नजरेने मोजता येतात आणि सुई त्यांच्याच रेषेत चालते. अशा कामात गोलाई काढू म्हटले, तरी पायऱ्याच पडतात. कर्नाटकी कशिदा काढणाऱ्यांना ही अडचण नवी नाही; इरकली साडीवरचे तुळशीवृंदावनही असेच सुते मोजून उभे राहते.

भरणारी कापड उलटे धरते. सुईने काही सुते उचलायची, मग एखादे सूत सोडायचे, पुन्हा काही उचलायची. म्हटले तर हा साधा धावदोराच, किंवा रफूचा टाका. पण लांब टाके पडतात ते सगळे सुलट बाजूला. भरणारीच्या डोळ्यांसमोर नुसते ठिपके असतात आणि नक्षी तिच्या मांडीकडच्या अंगाला उमटत जाते. मोजणीत एक सूत चुकले, तर पुढची ओळ सरकते आणि उसवण्यावाचून गत्यंतर नसते. सुलट बाजूचा टाका साधारण पाव ते अर्धा इंच लांब. तो जितका आखूड, तितके काम कसबी मानले जाते.

या उलट्या कारभारामागे हिशेबही आहे. कापूस घरचा, सूत बायकांनी चरख्यावर कातलेले, कापड गावातल्या विणकराचे. रोख पैसे मोजावे लागत ते मुख्यतः ‘पट’ या रेशमासाठी. ते बाहेरून येई आणि अमृतसरसारख्या ठिकाणी रंगवले जाई. असे महागाचे रेशीम कापडाच्या मागे दडवून कोण वाया घालवणार? म्हणून ते जवळजवळ सगळे पुढे दिसते. पीळ नसल्याने त्याची चमकही शाबूत राहते. एकाच पिवळ्या दोऱ्याचे उभे आणि आडवे टाके शेजारी पडले, की उजेड त्यांवर वेगवेगळा पडतो आणि दोन पिवळे वापरल्याचा भास होतो. एका रंगाच्या दोऱ्यात सबंध ओढणी भरूनही ती सपाट का वाटत नाही, त्याचे उत्तर हे.

कापड दिसेनासे होईपर्यंत भरले, की तिला ‘बाग’ म्हणतात. बागांची नावे मोठी गमतीची आहेत. मोतिया, गेंदा, सूरजमुखी ही अपेक्षितच. पण गोभी, करेला, मिर्ची, ककडी, धनिया अशाही बागा आहेत. राजेरजवाड्यांच्या शालींवर बदाम आणि सायप्रसची झाडे शोभत असताना पंजाबी शेतकरणीने ओढणीवर भाजीचा मळा आणला. त्यातली गोभी म्हणजे आपला फ्लॉवर. तेव्हा मराठी घरात तरी तिला फूल म्हणायला कोणाची हरकत नसावी. कारल्याच्या बागेत कारले हुबेहूब नसते. सालीवरच्या खडबडीतपणाची आठवण देणारे दातेरी आकार असतात आणि पाहणारीला तेवढी खूण पुरते.

लग्नात प्रत्येक वस्त्राचे स्थान ठरलेले असे. ‘चोप’ आजोळची आजी भरी. तिचा दुहेरी धावदोरा दोन्ही बाजूंनी सारखाच दिसतो, म्हणजे कर्नाटकी कशिद्यातली ‘गवंती’च. ‘सुभर’वर मध्ये एक आणि चार कोपऱ्यांत चार अशी पाच कमळे. ‘वरी दा बाग’ सासरची. नातू जन्मला की त्याच्या भावी नवरीसाठी आजी ती भरायला घेई. पांढऱ्या खद्दरावरचे ‘थिरमा’ वयस्क बायका आणि विधवा वापरत. कित्येक बागांत मध्येच एखादी चौकट वेगळ्या रंगाची किंवा अर्धवट दिसते. ती चूक नव्हे. बाळाला तीट लावावी तशी दृष्टीसाठी मुद्दाम ठेवलेली खोट आहे.

बठिंडा आणि फरीदकोटकडची ‘सांची’ फुलकारी मात्र या शिस्तीबाहेरची. तिच्यात काळ्या शाईने आधी आकृती काढतात, म्हणून नांगर धरणारा शेतकरी, ताक घुसळणारी बाई, दागिने, जनावरे आणि आगगाडीसुद्धा येते.

पंजाबात राहिलेल्या इंग्रज लेखिका फ्लोरा ॲनी स्टील यांनी 1888 मध्ये फुलकारीवर सविस्तर लेख लिहिला. तोवर युरोपीय गिऱ्हाइकांसाठी बाजारी माल निघू लागला होता. पुढे गिरणीचे कापड आले आणि 1947 च्या फाळणीत कुटुंबे उखडली गेली. सीमेपलीकडून आलेल्या कुटुंबांनी पतियाळ्याच्या त्रिपडी भागात वस्ती केली. तो भाग आज फुलकारीच्या व्यापाराचे मोठे केंद्र आहे. फुलकारीचे भौगोलिक मानांकन पंजाब, हरियाणा आणि राजस्थान या तिन्ही राज्यांसाठी आहे.

आता बहुतेक काम जॉर्जेट किंवा शिफॉनवर होते. या कापडाची सुते मोजणे अशक्यप्राय, म्हणून आधी नक्षीचा छापा मारतात आणि सुलट बाजूनेच भरतात. छाप्यामुळे फूल गोल झाले, पाकळ्या आल्या; ते खऱ्या फुलासारखे दिसू लागले आणि फुलकारीसारखे दिसेनासे झाले. प्रदर्शनात ओढणी हाती आली, तर आधी ती उलटी करून पाहावी. जुन्या पद्धतीच्या कामात मागे बारीक ठिपक्यांच्या रांगा दिसतात; यंत्राच्या कामात बॉबिनच्या दोऱ्याचे दाट जाळे.