किडीला अँटिबायोटिक दिलं तर?

परवा एकाने अगदी सिरियसली विचारलं, पिकावर कीड पडली तर अँटिबायोटिक फवारून नाही का चालणार? आधी हसू आलं, मग वाटलं दोष त्याचा नाही, कीटकनाशकालाही आपण औषधच म्हणतो आणि तापाच्या गोळीलाही औषधच. अँटिबायोटिक बॅक्टेरियाला मारतं, कीटकाला नाही. पण म्हणून किडीला ते खाऊ घातलं तर काहीच होत नाही असंही नाही, आणि जे होतं ते भन्नाट आहे.

कॉफीचं फळ पोखरणारा एक भुंगेरा आहे, जेमतेम दोन मिलिमीटरचा. कॅफिन हे कॉफीच्या झाडाने किडींसाठी बनवलेलं विष, आणि हा पठ्ठ्या त्याच बीमध्ये घर करून राहतो. 2015 मध्ये संशोधकांनी दाखवलं की या भुंगेऱ्यांना अँटिबायोटिक दिलं की त्यांच्या विष्ठेतून कॅफिन तसंच बाहेर पडतं. मग सूडोमोनास फुल्वा नावाचा एकच बॅक्टेरिया परत पोटात सोडला, तर कॅफिन पुन्हा गायब! म्हणजे विष पचवणारा भुंगेरा नव्हताच, त्याच्या आतड्यातला भाडेकरू होता.

पण माझा खरा लाडका मावा. पानाखाली गर्दी करून बसणारा, पानांवर चिकटा पाडणारा तोच. मावा रसवाहिनीत सोंड खुपसून रस पितो, त्या रसात साखर भरपूर पण शरीराला बाहेरूनच घ्यावी लागणारी जी साधारण 10 अमिनो आम्लं (प्रथिनांच्या विटा) आहेत ती फारच कमी. नुसत्या साखरपाण्यावर कुणी एवढी पोरं काढेल का? मावा काढतो, कारण त्याच्या शरीरात खास पेशी असतात आणि त्यात बुखनेरा नावाचे बॅक्टेरिया खच्चून भरलेले असतात (हे आतड्याच्या पोकळीत नसतात हं, शेजारी असतात, पण भाडेकरूच म्हणूया, खरं तर आता घरजावई म्हणायला हवं). पाउल बुखनर या जर्मन जीवशास्त्रज्ञावरून हे नाव. आईकडून पिल्लाला जन्माआधीच मिळतात, आणि हे 16 ते 20 कोटी वर्षं चाललंय असा अंदाज आहे. एवढ्या काळात बुखनेराने नको ती जीन्स (म्हणजे जनुकं) टाकून दिली, 2000 साली त्याचा जीनोम, म्हणजे सगळा डीएनए, वाचला तेव्हा तो फक्त 6 लाख 40 हजार अक्षरांचा निघाला, आपल्या पोटातल्या ई. कोलाय या बॅक्टेरियाचा साधारण 46 लाखांचा असतो.

आता खरी मजा. ल्युसिन, आयसोल्युसिन आणि व्हॅलिन या तीन अमिनो आम्लांचा कार्बनचा सांगाडा बुखनेरा बनवतो, पण शेवटच्या पायरीवर त्याला नायट्रोजनचा गट बसवणारं ट्रान्सअमायनेज एन्झाइम त्याच्याकडे नाहीच, ते माव्याची पेशी पुरवते, आणि तो नायट्रोजन येतो ग्लुटामेटकडून, आणि ते ग्लुटामेट बनतं ग्लुटामाइनपासून, आणि त्या ग्लुटामाइनसाठी माव्याची पेशी स्वतःचा टाकाऊ अमोनिया पकडते. म्हणजे एकच असेंब्ली लाइन, अर्धे कामगार एका कंपनीचे आणि अर्धे दुसऱ्या. नावं डोक्यावरून गेली तरी चालेल, एवढंच धरा की दोघांपैकी कुणालाच हे एकट्याने जमत नाही.

म्हणून माव्याला रिफाम्पिसिन हे अँटिबायोटिक देऊन बुखनेरा मारला की मावा पटकन मरत नाही. खुजा राहतो, आणि पिल्लं अगदी कमी होतात किंवा होतच नाहीत.

आजकाल सगळं पोटातल्या बॅक्टेरियावर ढकलायची फॅशन आहे, मूड असो की केस गळणं, कुणी ना कुणी प्रोबायोटिकची बाटली विकायला तयार. त्यांनी 2017 चा एक अभ्यास वाचावा. 124 जातींच्या अळ्या तपासल्या तर बहुतेकींच्या पोटात कायम राहणारे बॅक्टेरिया जवळपास नव्हतेच, जे सापडले ते पानाबरोबर येऊन जाणारे पाहुणे. तंबाखूवरच्या शिंगवाल्या अळीला अँटिबायोटिक दिलं, तिच्या वाढीला काही फरक पडला नाही.

शिवाय हे प्रयोग फसवेही असतात. टेट्रासायक्लिन हे अँटिबायोटिक बॅक्टेरियाचं रायबोझोम (प्रथिनं बनवणारं यंत्र) अडवतं, पण कीटकाच्या मायटोकॉन्ड्रिया (पेशीतली ऊर्जाघरं) मुळात बॅक्टेरियाच्याच वंशातल्या, त्यांचं रायबोझोमही तसंच. मग कीटक अशक्त झाला तो भाडेकरू गेल्यामुळे की स्वतःच्याच मायटोकॉन्ड्रिया थकल्यामुळे? 2006 मध्ये म्हटलं गेलं की बीटी (बॅसिलस थुरिन्जिएन्सिस) हा जिवाणू अळीला मारतो ते तिच्या आतड्यातल्या बॅक्टेरियाच्या मदतीने, कारण अँटिबायोटिक दिलेल्या अळ्या बीटीने मरेनात. मग दुसऱ्यांनी विचारलं, अहो बीटी हाही बॅक्टेरियाच, अळीच्या पोटात उरलेल्या अँटिबायोटिकने तोच मेला नसेल कशावरून? वाद बराच चालला.

आणि फवारायचं का? नाहीच. फवाऱ्यात टिकून राहिलेल्या बॅक्टेरियाची रेझिस्टन्सची, म्हणजे अँटिबायोटिकला दाद न देण्याची, जीन्स माणसाला आजारी पाडणाऱ्या बॅक्टेरियापर्यंत जाऊ शकतात. मधमाश्यांनाही पोटातले बॅक्टेरिया लागतात, टेट्रासायक्लिन दिलेल्या मधमाश्या पोळ्यात परत सोडल्यावर कमी जगल्या.

उलट्या बाजूचंही एक उदाहरण आहे. सोयाबीनच्या शेंगांचा रस शोषणारा एक ढेकूण दर पिढीत बुर्खोल्डेरिया नावाचे बॅक्टेरिया मातीतून नव्याने उचलतो. जपानमध्ये 2012 साली दिसलं की फेनिट्रोथिऑन हे कीटकनाशक पुन्हा पुन्हा टाकलं की ते खाऊन जगणारे बुर्खोल्डेरिया मातीत वाढतात, आणि ढेकणाने नेमके तेच उचलले की त्याच्यावर ते कीटकनाशक चालेनासं होतं. ढेकणाच्या जीन्समध्ये काडीचा बदल नाही.