सिसी संग्रहालय, व्हिएन्ना

ऑस्ट्रियाची सम्राज्ञी एलिझाबेथ ऊर्फ सिसी (१८३७–१८९८) हिच्या खासगी आयुष्याला वाहिलेले संग्रहालय. व्हिएन्नातील होफबुर्ग राजवाड्यात ते २४ एप्रिल २००४ रोजी सुरू झाले. सम्राट फ्रान्त्स योझेफशी तिचा विवाह झाला त्याला त्या दिवशी १५० वर्षे पूर्ण होत होती.

मांडणीची सुरुवात मृत्यूपासून होते आणि ते योग्यच आहे. हयातीत वृत्तपत्रांनी तिची फारशी दखल घेतली नव्हती. १० सप्टेंबर १८९८ रोजी जिनिव्हात लुइजी लुकेनी या इटालियन अराजकतावाद्याने टोकदार केलेली कानस तिच्या छातीत खुपसली, आणि पुढे तिची दंतकथा झाली. घट्ट आवळलेल्या कॉर्सेटमुळे (कंबर आवळणारी आतली चोळी) रक्तस्राव मंदावला होता. ती उठून बोटीपर्यंत चालत गेली आणि बोटीवर कोसळली.

इथे अस्सल वस्तू कोणती आणि प्रतिकृती कोणती, हे पाटी वाचून पाहावे. लग्नाआधीच्या समारंभातला पोशाख, १८६७ च्या हंगेरीतील राज्याभिषेकाचा पोशाख आणि रेल्वेचा शाही डबा या तिन्ही प्रतिकृती आहेत. मूळ डबा व्हिएन्नाच्याच तंत्रविज्ञान संग्रहालयात आहे. जुन्या कापडाला प्रकाश सोसत नाही: रंग उडतो, धागा ठिसूळ होतो आणि झालेली हानी भरून निघत नाही. म्हणून अशा कापडासाठी साधारण ५० लक्स (प्रकाश मोजण्याचे एकक) ही प्रकाशाची मर्यादा पाळतात. दालनांतला अंधार केवळ वातावरणनिर्मितीसाठी आहे असे समजू नये.

प्रसाधनाच्या वस्तू आणि प्रवासातली औषधपेटी यांतून ही बाई खरी कळते. उंची १७२ सेंमी., कंबर जेमतेम ५१ सेंमी. घोट्यापर्यंत पोचणारे केस विंचरून बांधायला रोज दोन-तीन तास जात. अंडी आणि कोन्याक (फ्रेंच ब्रँडी) लावून ते धुवायचे म्हणजे अख्खा दिवस मोडे. त्या वेळात ती ग्रीक शिके. दरबाराविषयीचा तिचा राग मात्र कवितांत उतरला आहे, आणि भिंतींवरच्या त्या ओळी पोशाखांइतक्याच लक्षपूर्वक वाचायला हव्यात.

लगतच्या शाही निवासाला जोडूनच भेट द्यावी. तिच्या प्रसाधनगृहात भिंतीला लावलेली व्यायामाची शिडी आणि टांगलेल्या कड्या आहेत. पलीकडे १८७६ मध्ये बांधून घेतलेले स्नानगृह आणि त्यातला जस्ताचा मुलामा दिलेला तांब्याचा टब आहे. राजघराण्यात स्वतःसाठी वेगळे स्नानगृह करवून घेणारी ती पहिलीच.