वाळूची साय, जुनी साडी आणि चिडाची फांदी

उन्हाळ्यात नदी आटली की पात्रातल्या वाळूत झिरा उकरायचा आणि त्यात हळूहळू जमणारं नितळ पाणी वाटीवाटीनं भरून घ्यायचं, हे आपल्याकडच्या कितीतरी गावांनी पिढ्यान्‌पिढ्या केलं आहे. कमी खर्चाच्या फिल्टरचे आज जे प्रयोग चालतात, त्यांतल्या बहुतेकांचं तत्त्व हेच: जमीन, वाळू, झाड जे आपसूक करतात ते घरात करून घ्यायचं. पण पाण्यातून नेमकं काय अडवायचं आहे, हे माणसाला फार उशिरा कळलं.

सुश्रुतसंहितेत गढूळ पाणी निवळण्याचे सात उपाय दिले आहेत. त्यात कतक म्हणजे निवळीचं बी आहे, शेवाळाचं मूळ आहे आणि साधं वस्त्रही आहे. निवळीचं बी मडक्याला आतून घासलं की गाळ तळाशी बसतो. शेवग्याच्या बियांच्या भुकटीनंही तेच होतं. मात्र हे सगळे उपाय गढूळपणावरचे. नितळ दिसतं ते पाणी चांगलं, हा समज त्यामुळे पक्का झाला आणि तो अजून पुरता गेलेला नाही.

युरोपातही सुरुवात नितळपणापासूनच झाली. स्कॉटलंडमधल्या पेझली गावात जॉन गिब यांचा कापड धुऊन पांढरं करण्याचा कारखाना होता. त्यासाठी त्यांनी 1804 मध्ये वाळूचा गाळणा बांधला आणि उरलेलं पाणी गावात विकलं. 1829 मध्ये जेम्स सिम्पसन यांनी लंडनच्या चेल्सी वॉटरवर्क्ससाठी तसाच मोठा गाळणा उभारला. 1852 च्या कायद्यानं लंडनमध्ये नदीचं पाणी गाळूनच पुरवणं सक्तीचं केलं. तोवर रोगजंतूंची कल्पना कुणाला फारशी पटलेली नव्हती.

जर्मन डॉक्टर रॉबर्ट कॉख यांना 1884 मध्ये कलकत्त्यातल्या एका तलावाच्या पाण्यात पटकीचा, म्हणजे कॉलऱ्याचा, जंतू सापडला. आपल्याकडे त्या काळात साथ आली की मरीआईचा गाडा शिवेबाहेर नेऊन सोडत. पाण्यातल्या या जंतूमुळेच पटकी होते, हे कॉख यांचं म्हणणं युरोपातल्या मोठमोठ्या डॉक्टरांनाही मान्य नव्हतं, त्यामुळे गाड्यावाल्यांना हसण्यात अर्थ नाही. वादाचा निकाल लागला तो 1892 मध्ये, जर्मनीत. हॅम्बुर्ग आणि त्याला चिकटून असलेलं अल्टोना, दोन्ही शहरं एल्ब नदीचंच पाणी पीत. अल्टोना तर प्रवाहाच्या खालच्या अंगाला, म्हणजे हॅम्बुर्गची सगळी घाण त्याच्या वाट्याला यायची. पण अल्टोना पाणी वाळूतून गाळून घेई आणि हॅम्बुर्ग तसंच सोडी. त्या वर्षीच्या पटकीच्या साथीत हॅम्बुर्गमध्ये साडेआठ हजारांच्या आसपास माणसं दगावली. अल्टोना जवळजवळ सुटलं. हद्दीवरच्या एका चौकात काही घरं हॅम्बुर्गची, पण त्यांना नळ मात्र अल्टोनाचा होता. तिथे पटकी फिरकली नाही.

जंतू तर वाळूच्या दोन कणांमधल्या फटीपेक्षा कितीतरी बारीक. मग तो अडतो कसा? वाळूतून पाणी अगदी सावकाश, तासाला वीतभरही खाली न उतरेल अशा बेतानं सोडलं, की काही दिवसांत वरच्या थरावर दुधावर साय धरावी तसा बुळबुळीत थर धरतो. त्यात जिवाणू, शेवाळ आणि एकपेशीय जीव असतात. वरून आलेले रोगजंतू या थराला चिकटतात, खाल्ले जातात, उरलेले खालच्या वाळूत उपासमारीनं मरतात. म्हणून नवा गाळणा पहिले काही आठवडे कच्चा असतो आणि उत्साहानं घासूनपुसून लख्ख केला की पुन्हा कच्चा होतो. कॅनडातल्या कॅल्गरी विद्यापीठाचे डेव्हिड मांझ यांनी 1990 च्या दशकात हीच गोष्ट घरगुती पिंपाच्या आकारात आणली. नळी अशी वळवली की पाणी ओतणं थांबलं तरी वाळूवर पाचेक सेंटिमीटर पाणी राहतं आणि थर वाळत नाही. मला विचाराल तर या साऱ्या इतिहासातली सगळ्यात हुशार गोष्ट ही वळवलेली नळीच.

वस्त्राची पाळी आली बांगलादेशात. रिटा कॉलवेल आणि अन्वर हक यांनी दाखवलं की पटकीचा जंतू पाण्यात एकटा हिंडण्यापेक्षा कोपेपॉड नावाच्या सूक्ष्म जीवांना चिकटून राहतो. जंतू मायक्रॉनभराचा, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढा, पण त्याचं वाहन त्याच्या कितीतरी पट मोठं, मग वाहनच अडवलं तर? जुनी सुती साडी तीन वेळा दुमडली की आठ पदर होतात. धुऊन धुऊन सूत सैल झालेलं असल्यानं भोकं 20 मायक्रॉनच्या आसपास येतात; नवी साडी इतकी उपयोगी नाही. तिथल्या मतलब नावाच्या भागातल्या 65 गावांत हे करून पाहिलं आणि पटकीचं प्रमाण 48 टक्क्यांनी उतरलं. हा निष्कर्ष 2003 मध्ये प्रसिद्ध झाला. सुट्या जिवाणूंना आणि कावीळ किंवा लहान मुलांचे जुलाब (रोटाव्हायरस) यांसारख्या आजारांच्या विषाणूंना मात्र साडी अडवत नाही.

पुण्यात टाटांच्या संशोधन केंद्रानं भाताच्या तुसाची राख वापरून ‘सुजल’ फिल्टर केला. राखेत सिलिका भरपूर, शिवाय कण सच्छिद्र. त्याच राखेला चांदीच्या अतिसूक्ष्म कणांची जोड देऊन डिसेंबर 2009 मध्ये ‘टाटा स्वच्छ’ बाजारात आला. त्याला वीज लागत नव्हती आणि किंमत 749 रुपयांपासून पुढे होती.

सगळ्यात ताजी वाट झाडाची. चीड, देवदारासारख्या सूचिपर्णी झाडांत पाणी आखूड नलिकांतून चढतं आणि एका नलिकेतून दुसरीत जाताना बारीक पडद्यातून गाळलं जातं. अमेरिकेतल्या एमआयटीचे रोहित कर्णिक आणि सहकाऱ्यांनी 2014 मध्ये पाइनच्या सालीखालच्या ओल्या लाकडाचा छोटा तुकडा नळीत बसवून त्यातून पाणी सोडलं, तर ई. कोलाय हे आतड्यातले जिवाणू 99 टक्क्यांहून जास्त अडले. लाकूड वाळलं की पडदे मिटतात आणि फिल्टर निकामी होतो, ही मोठी अडचण होती. पुढे तुकडे गरम पाण्यात भिजवून, मग इथेनॉलमध्ये बुडवून वाळवले तर पडदे उघडे राहतात असं आढळलं. भारतात हिमालयाच्या पायथ्याशी त्यांच्या चाचण्या झाल्या.

सह्याद्रीत चीड-देवदार उगवत नाहीत. आंबा, सागाच्या लाकडात लांबलचक नळ्या असतात, त्यांतून जंतू सरळ निघून जातात. म्हणजे आपल्याकडे वाळू, राख आणि कापड हेच हाताशी राहतं, आणि टाकीतल्या टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडरीला किंवा घरातल्या मेडिक्लोर या क्लोरीनच्या थेंबांना त्यांतलं काहीच पर्याय नाही. गाळ आधी निघाला तर क्लोरीन मात्र जास्त चांगलं काम करतं.