भाताचा इतिहास शब्दांतून खणणारी इतिहासकार

खाजणातली, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीला बांध घालून केलेली भातशेती जवळून पाहिली असेल तर माहिती असेल, बांधाला खेकड्याचं एक बीळ पडलं आणि वेळेत बुजवलं नाही तर मोठ्या भरतीला खारं पाणी आत घुसतं आणि वर्षाचं पीक जातं. हे पाणी आत-बाहेर सोडायला बांधात दारं असतात, अलिबाग-पेणच्या खारेपाटात त्यांना उघाड्या म्हणतात, गोव्यात मानस. पश्चिम आफ्रिकेत गिनीच्या किनाऱ्यावर रिओ नुन्येझ नदीच्या आसपास बागा, नालू वगैरे लोक असाच खारफुटीच्या चिखलात भात पिकवतात, शेकडो वर्षं पिकवत आलेत, पण त्याचा इतिहास लिहायचा कसा, कारण त्या जुन्या शेतकऱ्यांनी लिहून ठेवलेलं एक पानसुद्धा नाही.

एडा फील्ड्स-ब्लॅक या अमेरिकन इतिहासकार तिथे गेल्या आणि त्यांनी शब्द गोळा केले. मीठ, खेकडा, खारफुटी, बांध, रोप, फावडं, सगळ्याचे शब्द, शेजारशेजारच्या भाषांमधून. आता शब्दांवरून इतिहास कसा कळतो? आपलंच घ्या ना, हात हा शब्द मराठी, हिंदी, गुजराती सगळीकडे थोडाफार बदलून सापडतो कारण तो जुन्या एकाच भाषेतून उतरलाय, पण बटाटा हा शब्द पोर्तुगीजांकडून आलाय, म्हणजे ती वस्तू कुणाबरोबर आली हे शब्दच सांगतो. तसंच तिथे केलं. त्यांना दिसलं की किनाऱ्यावरच्या भाषांमध्ये खारफुटी, मीठ, खेकडे यांचे शब्द फार जुने, आणि भातशेतीचे खास शब्द त्यानंतरचे. किनाऱ्यावरचे लोक खारट चिखल ओळखून होते, आतल्या डोंगराळ भागातून आलेल्या लोकांकडे जमीन कसण्याचं ज्ञान होतं, दोघं एकत्र राहिले आणि त्यातून ही शेती उभी राहिली. बाहेरून कुणी येऊन शिकवलेली नाही. २००८ मध्ये त्यांचं यावरचं पुस्तक आलं.

ही शेती नेमकी कशी चालते ते बघण्यासारखं आहे. आधी खारफुटी तोडून बांध घालायचा, मग पावसाचं पाणी शेतात साठवून त्यात मातीतलं मीठ विरघळू द्यायचं आणि ओहोटीला ते सोडून द्यायचं, असं पुन्हा पुन्हा, जमीन गोड होईपर्यंत. पाणी सोडायला काय, तर बांधात पुरलेला झाडाचा पोकळ बुंधा आणि त्याला एक बूच. चिखल उलटायला लांबच लांब लाकडी फावडं, मांडीचा टेका देऊन ढेकूळ उचलायचं. लोखंडाचं पातं मिळालं की काम सोपं व्हायचं, पण या शेतीची सुरुवात त्या पात्यासाठी थांबली नव्हती, असं त्या सांगतात.

अटलांटिकच्या पलीकडे साउथ कॅरोलायनात गुलामांकडून भात पिकवून घेणारे मळे होते, तिथेही भरती-ओहोटीच्या पाण्यावरच शेती, आणि तिथल्या पाण्याच्या दाराला म्हणायचे ट्रंक, म्हणजे झाडाचा बुंधा! नंतर तिथे नीट फळ्यांची दारं बसली तरी नाव तेच राहिलं. म्हणजे भाताचं ज्ञान गुलामांबरोबरच आलं का? यावर इतिहासकारांचं मोठं भांडण आहे. आफ्रिकेचा स्वतःचा भात आहे, ग्लॅबेरिमा नावाचा, सुमारे ३००० वर्षांपूर्वी नायजर नदीच्या खोऱ्यात माणसाने लागवडीत आणलेला, पण कॅरोलायनाचं प्रसिद्ध पीक आशियाई जातीचं होतं, आणि २००७ मध्ये काही अभ्यासकांनी जहाजांचे आकडे मांडून दाखवलं की तिथे आणलेले बरेचसे गुलाम भाताच्या मुलखातले नव्हतेच. मला ही शंका रास्त वाटते, पण गुडघाभर चिखलात उभ्या माणसाला नुसता हात समजायचं आणि अक्कल सगळी मालकाची, हे आता कुणालाही इतक्या सहज लिहिता येणार नाही.

फील्ड्स-ब्लॅक यांच्या घराण्याची मुळं साउथ कॅरोलायनाच्या त्याच भाताच्या भागातली. पुढचं काम त्यांनी तिथेच केलं, कंबाही नदीवर, तिथले लोक तिला कंबी म्हणतात. अमेरिकेच्या यादवी युद्धात २ जून १८६३ ला पहाटे, गुलामी टिकवू पाहणाऱ्या दक्षिणेशी लढणाऱ्या उत्तरेच्या सैन्याच्या बोटी या नदीतून वर गेल्या. गुलामीतून स्वतः निसटून इतरांनाही सोडवणाऱ्या हॅरिएट टबमन यांनी आणि त्यांच्या हेरांनी आधी माहिती काढली होती, पाण्यात सुरुंग कुठे पेरलेत तेसुद्धा. काळ्या सैनिकांनी भाताच्या गिरण्या आणि वाडे जाळले, पाण्याची दारं फोडली, आणि ७५६ माणसं गुलामीतून सुटली. त्या सैनिकांत फील्ड्स-ब्लॅक यांचे एक पूर्वजही होते, हेक्टर फील्ड्स.

पण ही ७५६ माणसं कोण? १८५० आणि १८६० च्या जनगणनेत गुलामांची नावंच नाहीत, मालकाच्या नावाखाली नुसतं वय, बाई की पुरुष आणि रंग. मग फील्ड्स-ब्लॅक यांनी त्या सैनिकांच्या पेन्शनच्या फाइली काढल्या. सैनिकाच्या विधवेला पेन्शन हवी तर लग्न सिद्ध करायला लागायचं, आणि गुलामीतल्या लग्नाला कागद कुठला असणार, म्हणून शेजारीपाजारी येऊन शपथेवर सांगायचे की आम्ही एकाच मळ्यावर वाढलो, हिचं लग्न मी पाहिलं, हिचं मूल अमुक वर्षी झालं. सरकारी माणूस ते उतरवून घ्यायचा. त्या जबान्या मालकांच्या मृत्युपत्रांशी, विक्रीच्या कागदांशी एकेक करून जुळवत त्यांनी घरंच्या घरं परत उभी केली. फार चिकाटीचं काम आहे हे, वर्षानुवर्षांचं. यावरच्या त्यांच्या पुस्तकाला २०२५ मध्ये इतिहासाचं पुलित्झर पारितोषिक मिळालं, दुसऱ्या एका पुस्तकाबरोबर विभागून.

टबमनना स्वतःला लिहिता-वाचता येत नव्हतं, त्या दिवसाचं त्यांनी तोंडी सांगितलेलं मात्र उतरवून ठेवलंय. लोक शेतातून, झोपड्यांतून नदीकडे पळत होते, आणि त्यात एक बाई, डोक्यावर चुलीवरून तसंच उचललेलं भाताचं भांडं, वाफा निघतायत, पाठीला लटकलेलं पोर एका हाताने तिचं कपाळ घट्ट धरून दुसऱ्या हाताने भांड्यातला भात काढून काढून खातंय.