फळ्यावरचं ‘गुप्तदान’

ठाण्यात तलावपाळीवरून जांभळी नाक्याकडे जाताना उत्सवाच्या दिवसांत मंडळांचे फळे वाचत जावं. नाव, रक्कम, नाव, रक्कम आणि मधेच कुठेतरी ‘गुप्तदान – ५०१ रु.’ आकडा तेवढा गुप्त ठेवता येत नाही, पावती फाडलेली असते.

दान नावानिशी नोंदवायची रीत या गावात जुनीच. १७८७ मध्ये ठाण्याच्या किल्ल्यात खोदकाम करताना शिलाहार राजा अरिकेसरीचं दानपत्र हाती लागलं, शके ९३९ म्हणजे इ. स. १०१७ चं. कोणी दिलं, कोणाला दिलं, सगळं तांब्यावर कोरलेलं. त्याला बढाई म्हणता येणार नाही. कागदपत्र नसेल तर पुढचा राजा दिलेली जमीन काढून घ्यायचा.

दान झाकण्याचा विचार त्याच्या शेजारीच वाढला. गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक दान कोणतं, तर जो परतफेड करणार नाही त्याला दिलेलं. ज्ञानेश्वरांनी शके १२१२ मध्ये हेच शेतावर आणलं. तेराव्या अध्यायात अदंभ समजावताना ते म्हणतात, शेतकरी पेरलेलं बी जसं मातीनं पांघरतो, तसं दानपुण्य झाकावं. उघडं बी पाखरं टिपतात, हे कुणब्याला वेगळं सांगावं लागत नाही.

घराघरात ही रीत टिकली ती अधिक महिन्यामुळे. चांद्रवर्ष ३५४ दिवसांचं, सौरवर्ष ३६५ चं. साठत गेलेल्या फरकापोटी साधारण ३३ महिन्यांनी एक महिना जास्तीचा येतो. म्हणून वाणही तेहतीसचं: जावयाला ३३ अनारसे, वर दिवा, सगळं उघड आणि कौतुकाचं. गुप्तदान मात्र लाडवाच्या पोटात नाणं दडवून द्यायचं. घेणाऱ्याला कळू द्यायचं नाही, देणाऱ्यानं बोलायचं नाही.

२०२३ च्या अधिक श्रावणात आईने रुपयाचं नाणं उकळून घेतलं, रव्याच्या लाडवात दडपलं आणि तळहातावर फिरवून भेग बुजवली. खाली वॉचमनदादांच्या हातावर लाडू ठेवला, चार पावलं आली आणि तिथेच थांबली.

“दादा, फोडून खा हं. दाताखाली येईल काहीतरी.”

त्यांनी लाडू फोडला, नाणं पुसून खिशात टाकलं आणि मान खाली घालून खात राहिले.